फूल, रोप आणि आळें

प्रीतीच्या व्यवहारांत फुलाचें स्थान इतकें जुनें व इतकें निश्चित आहे कीं, त्याविषयीं नव्यानें कांहीं लिहिण्याचें कारण सहसा पडत नाहीं. संध्याकाळीं घरीं परततांना पानांत बांधून आणलेला मोगऱ्याचा गजरा हा मध्यमवर्गीय मराठी संसारांतला सर्वांत अबोल असा प्रेमालाप होता, आणि पुष्कळ घरांत तो अजूनही आहे. परंतु अलीकडे फुलाच्या या जागेवर हक्क सांगणारा एक नवा प्रतिस्पर्धी उभा राहिला आहे. १४ फेब्रुवारीस, साखरपुड्यास, अथवा लग्नाच्या वाढदिवसास प्रिय व्यक्तीला कुंडींतलें रोप द्यावें, अशी रीत शहरांत रूढ होऊन आतां ती तालुक्याच्या गांवांकडे निघाली आहे. फूल दोन दिवसांत सुकतें, रोप वर्षानुवर्षें टिकतें. तेव्हां प्रेमाची खूण म्हणून रोपच अधिक योग्य, असा या रीतीच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद आहे. प्रथमदर्शनीं तो बिनतोड वाटतो. तथापि भेट ही एक प्रकारची भाषा आहे, आणि भाषा म्हटली कीं शब्द कोणता वापरला व त्याचा अर्थ काय झाला, हें तपासून पाहण्याचा अधिकार टीकाकारास आपोआप प्राप्त होतो. तोच अधिकार आम्ही येथें बजावीत आहों.

पुणें–नाशिक व कल्याण–अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते जेथें एकमेकांस छेदतात, तें आळेफाटा हें ठिकाण जुन्नर तालुक्यांतलें. पश्चिमेस ओतूर आणि माळशेज घाट, दक्षिणेस नारायणगांव, उत्तरेस संगमनेर, पूर्वेस बेल्हे, अशा चार दिशांची माणसें येथें उतरतात व येथूनच पांगतात. शेजारच्या आळे गांवीं, ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधि आहे. त्यामुळें वारकऱ्यांस तें नांव परिचित आहे. योगायोग असा कीं, झाडाच्या बुंध्याभोवतीं पाणी साठून राहावें म्हणून मातीचें जें गोल खळगें करतात, त्यासही मराठींत आळें असेंच म्हणतात. आमच्या विषयाचें सारें मर्म या एका शब्दांत आहे, म्हणून या फाट्यावर क्षणभर थांबावें.

येथें एस्. टी.ची वाट पाहणारा एखादा तरुण एका हातानें पिशवी व दुसऱ्या हातानें कुंडी सांभाळीत उभा आहे, असें कल्पनेनें पाहूं. त्याच्या हातीं गुलाबाचें फूल असतें, तर तें देतांना तिचा चेहरा कसा होईल एवढाच विचार त्यानें केला असता. परंतु हातीं रोप आहे, तेव्हां आणखी एक प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिलाच पाहिजे: ती हें ठेवील कोठें? या भागांतल्या शेतकऱ्यास असा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाहीं. नारायणगांवची टोमॅटोची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. टोमॅटो लावणारा शेतकरी रोपवाटिकेंतून रोपें आणतो तीं वाफे, पाणी आणि लागवडीचा दिवस यांचा हिशेब आधीं मनाशीं करून. जागा तयार नसतां रोपें विकत आणणारास तो उदार म्हणणार नाहीं, अविचारी म्हणेल. मग जें शहाणपण टोमॅटोच्या बाबतींत आम्हांस आवश्यक वाटतें, तें प्रीतीच्या बाबतींत अनावश्यक कसें ठरतें?

फूल देणें हें एक प्रकारचें बोलणें आहे. रोप देणें हें मागणें आहे. फुलाचें काम दिल्याक्षणीं पुरें होतें. रोपाचें काम त्या क्षणीं सुरू होतें, आणि तें सुरू होतें तें घेणाराच्या अंगावर. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, रोपाची भेट चांगली कीं वाईट हें देण्याच्या दिवशीं ठरत नाहीं. पुढें पाणी कोण घालतो यावर तें ठरतें. हा कांहीं आमचा नवा शोध नव्हे. आमच्या जुन्या वाङ्मयास ही गोष्ट पुरी ठाऊक होती, हें पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

प्रियेस झाड भेट देण्याची आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कथा पारिजातकाची. विष्णुपुराणांत आणि भागवतांत ती अशी आहे कीं, नरकासुराच्या वधानंतर कृष्ण सत्यभामेसह स्वर्गीं गेला, तेथें तिच्या हट्टावरून त्यानें पारिजातक उपटला, इंद्राशीं युद्ध केलें, आणि झाड द्वारकेस आणलें. हरिवंशांतलें कथानक याहून निराळें आणि मानसशास्त्राच्या दृष्टीनें अधिक सूक्ष्म आहे. तेथें नारदानें स्वर्गांतून एक फूल आणून कृष्णास दिलें व कृष्णानें तें रुक्मिणीस दिलें. ही वार्ता कानीं पडतांच सत्यभामा रुसली, आणि तिची समजूत घालण्यासाठीं कृष्णानें फूल नव्हे तर सबंध झाडच आणून देण्याचें वचन दिलें. म्हणजे फुलाच्या अपराधाची भरपाई झाडानें करण्याचा तो प्रयत्न होता. भेटीचें आकारमान वाढविलें कीं प्रेमाचें मापही वाढतें, अशी देणाराची जी समजूत असते, तिचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु मराठी लोककथेनें या गोष्टीस जो शेवट जोडला, त्याला आम्ही तिन्हींत श्रेष्ठ मानतों. सत्यभामेच्या दारीं झाड लागलें, पण फुलें पडलीं तीं भिंतीपलीकडे रुक्मिणीच्या अंगणांत! ग. दि. माडगूळकरांच्या लेखणींतून उतरलेलें आणि माणिक वर्मा यांच्या कंठानें घरोघरीं पोंचलेलें भावगीत याच कल्पनेवर उभें आहे. त्यांतील प्रश्न सत्यभामेचा आहे आणि तो आजतागायत अनुत्तरित आहे. या शेवटाचा अर्थ बहुधा भक्तीच्या अंगानें लाविला जातो: रुक्मिणीची निष्ठा निरपेक्ष, म्हणून फुलें तिच्या वांट्यास. तो अर्थ खोटा नाहीं. परंतु त्यांत आणखी एक व्यवहारी सत्य दडलेलें आहे, तें असें कीं झाड दिल्यानें झाडाचीं फुलें दिल्यासारखें होत नाहीं. फांदी कोणीकडे झुकेल, वारा कोठून येईल, भिंत किती उंच आहे, यांपैकीं एकही गोष्ट देणाराच्या हातीं नसते. कृष्णानें इंद्राशीं लढाई केली, पण अंगण पाहिलें नाहीं. पराक्रम झाला; आळें मात्र राहून गेलें.

पारिजातकास प्रीतीच्या दुःखाशीं जोडणारी दुसरीही एक कथा आपल्याच किनाऱ्यावर लिहिली गेली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानें भारतांतील औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत या झाडाविषयीं एक स्वतंत्र संवाद आहे. सूर्यावर प्रेम करणाऱ्या व त्यानें टाकिल्यामुळें प्राणत्याग करणाऱ्या एका कन्येच्या राखेंतून हें झाड उगवलें, आणि म्हणून याचीं फुलें सूर्याचें दर्शन सहन करीत नाहींत, ही दंतकथा त्यानें तेथें नोंदविली आहे. संध्याकाळीं उमलून पहाटे गळून पडण्याच्या या झाडाच्या स्वभावास लोकांनीं दिलेलें तें उत्तर होय. पुढें १७५३ मध्यें लिनियसनें शास्त्रीय नांव ठेवितांना त्यांत ‘दुःखी झाड’ या अर्थाचे लॅटिन शब्द घातले. ज्या झाडास शास्त्रज्ञांनीं दुःखी म्हटलें, त्यासच आम्ही प्रीतीची परमोच्च भेट मानिली, यांत विसंगति नाहीं. टिकणारी वस्तु दिली म्हणजे तिच्याबरोबर टिकणारें दुःखही देण्याचा संभव असतो, एवढेंच त्यावरून ध्यानीं घ्यावयाचें.

याच्या उलट कालिदासाकडे पाहावें. मेघदूतांतला यक्ष आपलें घर मेघास ओळखूं यावें म्हणून ज्या खुणा सांगतो, त्यांत दारापाशींचा लहानसा मंदारवृक्ष आहे. तो त्याच्या पत्नीनें मानलेल्या मुलासारखा वाढविला आहे, आणि त्याचे घोस हात उंचावल्यास सहज हातीं येतात. हें झाड कोणी कोणास भेट दिलें होतें कीं नाहीं, हें कवि सांगत नाहीं; सांगण्याची त्याला गरजही वाटत नाहीं. वर्षभर दूर असलेल्या पतीस घराची आठवण होते तेव्हां झाडाची उंची तिच्या हाताच्या मापानें आठवते, यांतच सर्व कांहीं आलें. शाकुंतलांत तर ही गोष्ट अधिक स्पष्ट आहे. शकुंतला प्रथम आपल्या दृष्टीस पडते ती झाडांना पाणी घालतांना. सासरीं निघतांना ती आपल्या लाडक्या वनज्योत्स्ना वेलीस मिठी मारते व तिला सख्यांच्या हवालीं करते. त्यावर सख्या विचारतात, ‘मग आम्हांला कोणाच्या हवालीं केलेंस?’ या प्रश्नानें डोळे भरून आले नाहींत असा वाचक विरळा. राजानें शकुंतलेस दिली ती अंगठी. ती पाण्यांत पडली आणि तिच्याबरोबर राजास आठवण करून देणारी खूणही गेली. कालिदासानें वेलीची भेट राजाच्या हातून देवविली नाहीं, यांत आम्हांस मोठें औचित्य दिसतें. चार दिवस राहून जाणाऱ्या पाहुण्यानें वेल देऊं नये.

आतां पुन्हां जुन्नरकडे वळूं. आळेफाट्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाटाची लेणी आहे. तेथें सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा प्राकृत लेख कोरलेला असून त्यांत यज्ञांच्या वेळीं दिलेल्या दक्षिणांची जंत्री आहे: हजारों गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणीं. ज्या राजवंशाचें दान असें मोजून दगडावर कोरलें गेलें, त्याच राजवंशांतल्या हाल राजाच्या नांवावर गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतांतला शृंगारिक गाथांचा संग्रह आहे. त्या गाथांतलें जग शेतकऱ्यांचें, व्याधांचें, गोदेच्या तीरावरील वेतांच्या जाळ्यांचें आहे. तेथें प्रेमिकांस पीक हवें असतें तें आडोशासाठीं. साळीची कापणी जवळ आली कीं भेटीची जागा जाणार म्हणून नायिका खिन्न होते. ज्यांचें प्रेम उघड करतां येत नाहीं, त्यांस वनस्पतींचें महत्त्व काय असतें हें त्या कवींनीं नेमकें ओळखलें होतें.

हाच मुद्दा आमच्या विषयाच्या गाभ्याशीं जाऊन भिडतो. फूल लपवितां येतें. वहींत दडवितां येतें, केसांत माळून ‘मैत्रिणीनें दिलें’ असें म्हणतां येतें, आणि नाइलाज झाला तर टाकूनही देतां येतें. रोप लपवितां येत नाहीं. त्याला खिडकी हवी, ऊन हवें, दिवसाआड पाणी हवें. आणि घरांत नवी कुंडी आली कीं ‘ही कोठून आली?’ हा आईचा प्रश्न ठरलेला. ज्या समाजांत मुलीच्या पसंतीस अद्यापि घरांत उघड जागा मिळालेली नाहीं, त्या समाजांत रोप देणारा तरुण नकळत तिच्यावर दुहेरी भार टाकतो. एक रोपाला जगविण्याचा आणि दुसरा त्याचा खुलासा करण्याचा. पुण्यास वसतिगृहांत राहणारी मुलगी सुटींत गांवीं गेली कीं तिच्या खिडकींतलें रोप सुकतें, आणि तें सुकलें म्हणून तीच स्वतःस दोषी मानते. भेट देणारास याची गंधवार्ताही नसते. त्याच्या मनांत रोप अद्याप पहिल्या दिवसाइतकेंच हिरवें असतें.

विवाहितांच्या बाबतींत निराळी, पण तितकीच गंभीर गोष्ट आहे. पतीनें लग्नाच्या वाढदिवशीं सुंदर कुंडी आणली. घरांतल्यांनीं कौतुक केलें. आणि दुसऱ्या दिवसापासून, जी आधींच घरांतल्या सर्व सजीवांना अन्नपाणी पुरवीत होती, तिच्याच यादींत आणखी एक सजीव वाढला. गजऱ्यानें तिला निदान एका संध्याकाळची फुरसत मिळत होती. रोपानें तिला एक नवें नित्यकर्म दिलें. अशी भेट गोड बोलून सोंपविलेलें काम ठरते, आणि सभासमारंभांतून पुष्पगुच्छाऐवजीं रोपें देण्याची जी पद्धत हल्लीं रूढ आहे, तिचीच ती घरगुती आवृत्ति होय. व्यासपीठावर रोप देणारा, घेणारा आणि टाळ्या वाजविणारे, सर्व असतात. पाणी घालणाराचें नांव मात्र कार्यक्रमपत्रिकेंत नसतें.

ही जाणीव केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. बोकाचिओनें चौदाव्या शतकांत सांगितलेली आणि कीट्सनें आपल्या १८२० सालीं प्रसिद्ध झालेल्या काव्यांत पुन्हां गाइलेली एक भयंकर कथा आहे. भावांनीं मारलेल्या प्रियकराचें शिर त्या मुलीनें कुंडींत पुरलें, वर तुळशीच्या जातीचें रोप लाविलें, आणि त्यास अश्रूंचें पाणी घालून वाढविलें; भावांनीं ती कुंडीही पळविली तेव्हां ती झुरून मेली. कुंडींतलें रोप म्हणजे कोणाच्या तरी डोळ्यांचें पाणी, हा त्या कथेचा अर्थ. त्याच तुळशीच्या भाऊबंदांपैकीं एक बारीक पानांचें रोप लिस्बन शहरांत जून महिन्यांत, संत अँटनीच्या सणास, प्रेमिक एकमेकांस देतात. त्यांत कागदी फूल व चार ओळींचें पद्य खोंचलेलें असतें, आणि रोपास नाक लावून वास घेऊं नये, हातानें स्पर्श करून हाताचा वास घ्यावा, असा संकेत आहे. ही रीत आम्हांस विशेष आवडते, कारण तींत भेटीबरोबर ती कशी सांभाळावी हेंही सांगितलेलें आहे. जॉर्ज ऑर्वेल याच्या १९३६ सालच्या ‘कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ या कादंबरींत तर नायक आयुष्यभर ज्या दिवाणखान्यांतल्या रोपाचा मध्यमवर्गीय ढोंगाचें चिन्ह म्हणून तिरस्कार करतो, तेंच रोप लग्नानंतर स्वतः हट्ट धरून घरीं आणवितो. पत्नीस तें नको असतें. या शेवटास कोणी पराभव म्हणतात. आम्हांस त्यांत एवढें दिसतें कीं, रोप तें आपल्या घरासाठीं घेतात, दोघांत त्यावर वाद होतो, आणि त्या वादासकट तें दोघांचें होतें.

बाजाराविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. रोप विकणारास त्याचा माल खपवावयाचा असतो, म्हणून तो प्रीतीच्या जोडीस उपयुक्ततेची भलावण करतो. मनी प्लँटमुळें धन येतें, लकी बांबूमुळें भाग्य उजळतें, खोलींतली हवा शुद्ध होते, वगैरे. वास्तविक मनी प्लँट हा दक्षिण प्रशांत महासागरांतल्या मोऑरिया बेटाकडचा वेल. आणि तो चोरून आणला तरच फळतो, असा जो आपल्याकडे समज आहे, तो खरा मानला तर तो भेट देणेंच व्यर्थ! लकी बांबू हा बांबूच नव्हे; तें आफ्रिकेंतलें ड्रॅसिना जातीचें झाड. हवेच्या शुद्धीची गोष्ट १९८९ मध्यें अमेरिकेच्या नासा संस्थेच्या बंद पेटींतील प्रयोगांवरून पसरली. परंतु २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका फेरतपासणींत, साध्या वाऱ्यानें जितकी हवा शुद्ध होते तितकी करावयास चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत रोपें लागतील, असें आढळून आलें. ज्या भेटीस असल्या समर्थनांची गरज भासते, तिच्या प्रेमाविषयीं आम्हांस शंका येते. गजऱ्यानें हवा शुद्ध होते असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

यावर आक्षेप येईल कीं, मग तुमचा कौल फुलांच्या बाजूनें काय? तळेगांव आणि मावळ भागांत हरितगृहांतून वाढविलेले गुलाब १४ फेब्रुवारीसाठीं कळी असतांनाच तोडून, थंड खोल्यांतून व गाड्यांतून देशोदेशीं जातात. त्या क्षणभंगुर व्यापारास तुम्ही रोपाहून श्रेष्ठ मानतां काय? आमचें उत्तर असें कीं, फुलाचें आयुष्य कमी आहे, परंतु तें प्रामाणिक आहे. तें आपण टिकूं असें सांगत नाहीं, आणि सुकल्यावर कोणास दोष देत नाहीं. रोप टिकण्याचें वचन देतें, परंतु तें वचन पाळावयाचें असतें दुसऱ्यानें. वचन एकाचें आणि पालन दुसऱ्याचें, अशी जी वांटणी झाली आहे, तिच्यावर आमचा रोख आहे, रोपावर नव्हे.

रोपावर आमचा राग असता, तर ज्ञानेश्वरांच्या नांवावर असलेला मोगऱ्याचा अभंग आम्हांस प्रिय झाला नसता. दारीं लाविलेलें इवलेंसें रोप वाढतां वाढतां आकाशास कसें भिडलें, हें त्यांत सांगितलें आहे. तेथें रोप कोणी दिलें याची चौकशी नाहीं; लाविलें कोठें, हें मात्र आरंभींच सांगितलें आहे. आपल्या दारीं. प्रीतीच्या भेटीसही आम्ही हीच कसोटी लावूं इच्छितों. ज्याला रोप द्यावयाचें असेल त्यानें तें अवश्य द्यावें, परंतु आधीं तिच्या खिडकींत ऊन येतें कीं नाहीं हें विचारावें. तिच्या घरीं त्या रोपाचें, आणि पर्यायानें आपलें, नांव उघड घेतां येईल कीं नाहीं हें पाहावें. आणि आठवड्यांतले निदान तीन दिवस पाण्याचा तांब्या आपल्या हातीं घ्यावा. तिघांपैकीं एकही गोष्ट साधत नसेल, तर आळेफाट्याहून येतांना गजरा आणावा. तो संध्याकाळीं माळला जातो, सकाळीं उतरवून ठेवला जातो, आणि मधल्या रात्रीं त्यानें कोणाकडेही कांहीं मागितलेलें नसतें.